कधी घेते, कधी घेत नाही

कराडला हायवेच्या सर्व्हिस रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग एवढंच काम. इंजिन उघडायचं झालं तर शेजारचे मिस्त्री आहेत. साखर कारखान्यांचा हंगाम लागला की ट्रॅक्टर आणि ट्रक येतात, पावसाळ्यात पाटण-कोयनेकडच्या जीपा येतात, आणि गावातल्या चारचाकी बारा महिने असतात. जी गाडी साफ बंद पडून टोचन करून येते तिची मला काळजी वाटत नाही. दोष जागेवर असतो, मीटर लावला की सापडतो. जीव खाते ती दुसरी गाडी. मालक सांगतो, "कधी घेते, कधी घेत नाही." दुकानात आल्यावर ती पहिल्या चावीला सुरू होते आणि मालक बिचारा माझ्याकडे बघत राहतो.

अशा गाड्यांवर लोकांचे जेवढे पैसे फुकट गेलेले मी पाहिलेत तेवढे दुसऱ्या कशावर नाहीत. आधी नवी बॅटरी, मग नवा सेल्फ, मग फ्यूल पंप, आणि दोष होता तिथंच. म्हणून एवढ्या वर्षांत हाताला जे लागलं ते मांडतो आहे. गाडी चालवणाऱ्यांसाठी, आणि या धंद्यात नव्यानं उतरलेल्या पोरांसाठीही.

१. सगळ्यात आधी: इंजिन फिरतंय का?

"गाडी सुरू होत नाही" हे एक वाक्य झालं, पण त्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. चावी मारल्यावर इंजिन फिरतच नाही, ही एक. इंजिन व्यवस्थित फिरतंय पण पेट घेत नाही, ही दुसरी. पहिलीत बॅटरी, केबल, सेल्फ, रिले आणि चावीचा स्विच एवढाच मुलूख बघायचा. दुसरीत पेट्रोल, स्पार्क आणि सेन्सर. इंजिन जोरात फिरत असताना बॅटरी बदलणारा माणूस भलत्याच गावाला निघालेला असतो, आणि असं रोज घडतं.

फोन आला की मी मालकाला सांगतो, "चावी मारल्यावर काय आवाज येतो तो तोंडानं काढून दाखवा." सुरुवातीला लोक लाजतात, पण काढतात. "टक." "टकटकटकटक." "घुर्रर्र... घुर्र... घु." यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे, आणि निम्मं काम तिथंच होतं.

२. आवाज ऐकताना दिव्यांकडे बघा

हेडलाईट लावा, समोर भिंत असेल तर उत्तम, आणि चावी मारा.

टकटकटक असा भराभर आवाज आला आणि दिवे लुकलुकले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. सेल्फवरच्या सोलेनॉइडमध्ये ओढणारी आणि धरून ठेवणारी अशा दोन कॉइल असतात. संपर्क जुळला की मोटर एकदम करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, धरणाऱ्या कॉइलचा जोर संपतो आणि संपर्क सुटतो. सुटला की व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढलं जातं. तो आवाज म्हणजे हाच खेळ सेकंदाला कित्येक वेळा चाललेला असतो.

एकच ठसठशीत "टक" आला आणि दिवे जराही मंद झाले नाहीत, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळालेत किंवा सेल्फचे कार्बन संपलेत. अशा वेळी सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्यानं हलकं ठोकलं की गाडी बहुधा घेते, कारण अडकलेला कार्बन कॉम्युटेटरला टेकतो. ही युक्ती घरी पोचण्यापुरती आहे. ठोकून सुरू झाली याचा अर्थ सेल्फ बाकावर उघडायची वेळ आली.

"टक" बरोबर दिवे पार विझायला आले तर बॅटरी, तिची जोडणी, नाहीतर जाम झालेली मोटर. आणि आवाजच नाही, दिवे मात्र लख्ख, तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडच्या बारीक वायरपर्यंत बघायचं. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथला छोटा स्विच झिजतो. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर 'पी' मध्ये असूनही गाडीला ते कळत नसेल, तर 'एन' मध्ये टाकून बघा. घेतली, तर दोष सापडला.

३. मीटरवर बारा दिसलं म्हणजे बॅटरी चांगली असं नाही

बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण चार्ज असलेली, काही तास उभी राहिलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. पण लोकांना 'बारा' आकड्याचा फार भरवसा.

खरी परीक्षा ओझ्याखाली होते. मीटर बॅटरीच्या दोन्ही खांबांना लावून चावी मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर एकतर बॅटरी थकली आहे किंवा उतरली आहे. पूर्ण चार्ज करून पुन्हा बघायचं, तरी घसरला तर बदलायची. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. १२.४ वरच अडकलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि मग नवी बॅटरी टाकूनही चार दिवसांत तीच कथा.

साधा डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हवे तेवढे. गाडी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा असं माझं मत आहे.

आणखी एक. आपल्याकडे बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं हिवाळ्यात. एप्रिल-मेच्या उष्णतेनं प्लेटा आतून खराब होतात, पण गरम इंजिन हलकं फिरतं म्हणून भागतं. डिसेंबरच्या थंडीत तेल घट्ट, बॅटरीचा जोर कमी, आणि पहाटे गाडी घुर्र करून गप्प. मालकाला वाटतं थंडीनं झालं.

४. अर्थिंग

मला एकाच मुद्द्यावर बोलायची परवानगी असती तर मी यावर बोललो असतो. 'कधी घेते, कधी घेत नाही' यातल्या फार मोठ्या वाट्याच्या मुळाशी खराब अर्थिंग असतं, आणि त्याकडे सगळ्यात कमी बघितलं जातं, कारण ते दिसायला नुसतं एक काळी केबल आणि एक बोल्ट असतं.

करंट बॅटरीच्या प्लसमधून सेल्फला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो परत कसा येतो हे कोणी विचारत नाही. तो इंजिनाच्या लोखंडातून, अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीच्या मायनसला येतो. जाण्याची वाट जेवढी मोकळी पाहिजे तेवढीच येण्याची. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. आता समजा बोल्टखाली गंज बसून वाटेत ०.०२ ओहमचा अडथळा आला. १५० अँपिअरला त्यात ३ व्होल्ट गडप होतात. बॅटरीतून दहा-साडेदहा निघाले तर सेल्फला सात मिळाले. तो कसा फिरणार? तीच वाट एका हेडलाईटच्या पाच अँपिअरला मात्र फक्त ०.१ व्होल्ट खाते, म्हणून दिवे झकास लागतात आणि सगळे म्हणतात, "लाईट तर चांगली आहे, म्हणजे सेल्फ गेला."

हा अडथळा मीटर ओहमवर ठेवून सापडत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. करंट वाहत असतानाच तो पकडावा लागतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे शिशाच्या खांबावरच, टर्मिनलच्या पकडीवर नाही. दुसरं टोक इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडावर. फ्यूल पंपाचा फ्यूज काढून घ्या म्हणजे इंजिन पेटणार नाही, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला, मग दुसऱ्याला चावी मारायला सांगा. ०.२ च्या आसपास आकडा आला तर ठीक. ०.५ च्या वर गेला तर दोष तुमच्या दोन टोकांच्या मध्ये आहे. मग एक टोक जवळ आणत जायचं: खांब ते पकड, पकड ते केबलचा लग, लग ते बॉडी, बॉडी ते इंजिन. आकडा जिथं उडी मारतो तिथं बोल्ट खोलायचा. प्लसच्या बाजूलाही तेच, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड स्टडपर्यंत.

कोयनेच्या बाजूचे एक दूधवाले काका आहेत. त्यांच्या व्हॅनची क्लच वायर दर काही महिन्यांनी जायची. जड व्हायची, अडकायची, बाहेरचं प्लास्टिक वितळल्यासारखं दिसायचं. त्यांनी हलक्या मालाला दोष दिला, महागातली वायर टाकली, तीही गेली. माझ्याकडे ते क्लचसाठी आलेच नव्हते, पहाटे गाडी कधी घेते कधी नाही म्हणून आले होते. मी खाली वाकलो आणि पोराला चावी मारायला लावली. हात सहज क्लच वायरला लागला तर ती कढत. गिअरबॉक्सवरच्या बोल्टाला असलेली अर्थिंगची पट्टी गंजून तिची एक-दोन तारांची जाळी राहिली होती. दीडशे अँपिअर परत जायला वाट शोधत होते, आणि त्यांना क्लचची वायर सापडली होती. ती इंजिनाला आणि बॉडीला, दोन्हीकडे टेकलेली असते. एक नवी विणलेली पट्टी लावली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरनं उजळ केली. दोन्ही तक्रारी एका तासात मिटल्या. क्लच किंवा एक्सिलेटरची वायर विनाकारण गरम होत असेल तर माझ्या मते आधी अर्थिंग बघावं, वायर मागवायची घाई करू नये.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हा क्रम पाळला तर पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही.

५. बॉनेट उघडून लगेच हात घालू नका

गाडी घेत नाही म्हटलं की बॉनेट उघडतात आणि पहिली गोष्ट करतात ती टर्मिनल हलवायची. गाडी सुरू होते, सगळे खूश होतात. आठवड्यानं पुन्हा तेच. हलवल्यानं काय सुटलं, काय जुळलं, कोणालाच कळलेलं नसतं. तोपर्यंत दोष समोर उभा होता, तो तुम्ही हाकलून लावला.

दुकानात गाडी माझ्यासमोर अडली तर मी पोरांना हात बांधून उभं राहायला सांगतो. आधी मोजायचं, मग हलवायचं. कपलर ओढून बघण्याआधी त्यात व्होल्ट आहे का ते टेस्ट लॅम्पनं बघायचं. रिले बदलण्याआधी त्यावर बोट ठेवून तो उडी मारतो का ते बघायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषात ती अडलेली पाच मिनिटं सोन्याची असतात.

६. कधी अडते, त्याची नोंद ठेवा

पहाटे थंड असताना, की धावून गरम झाल्यावर? पाऊस पडून गेल्यावर? दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर? टाकीत पेट्रोल कमी असताना? उतारावर लावल्यावर? हे मी प्रत्येकाला विचारतो आणि बहुतेकांना आठवत नाही. "कधी पण अडते" हे उत्तर येतं. कधी पण असं काही नसतं.

पाटणजवळच्या एका शाळेतल्या बाईंनी मात्र घरच्या कालनिर्णयावर प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. दुसरीकडे बॅटरी आणि सेल्फ बदलून झाला होता, गाडी तशीच. बाईंनी ती पानं फाडून माझ्याकडे आणली. वाचल्यावर चित्र स्वच्छ होतं. सकाळी एकदाही नाही. शाळा सुटल्यावर गाडी चालवत यायच्या, मंडईत थांबायच्या, दहा-पंधरा मिनिटांनी परत आल्या की इंजिन फिरायचं पण पेटायचं नाही. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं. हिवाळ्यात नोंदी विरळ, मार्चनंतर दाट.

गाडी धावत असते तेव्हा पंखा, वारा आणि कूलंट इंजिन थंड ठेवतात. बंद केली की हे सगळं थांबतं आणि इंजिनातली उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरते. बॉनेटखालचं तापमान बंद केल्यावर काही वेळ वाढत जातं. त्या दहा-पंधरा मिनिटांत क्रँक सेन्सर सगळ्यात जास्त तापतो. त्याच्या आतली केसासारखी तार कुठं तुटायला आलेली असेल तर गरम झाल्यावर फाकते, थंड झाली की पुन्हा टेकते. हा सेन्सर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगतो. त्यानं सांगितलं नाही तर कॉम्प्युटर ना स्पार्क देतो ना पेट्रोल.

आम्ही ती गाडी एसी लावून मलकापूरच्या पुढं नेऊन आणायचो, बॉनेट न उघडता दुकानासमोर उभी करायचो आणि चहा घेऊन परत चावी मारायचो. एका दुपारी अडली. इंजिन फिरत होतं, पण आरपीएमचा काटा शून्यावर मेल्यासारखा. स्कॅनरवरही आरपीएम शून्य. सेन्सरवर ओलं फडकं धरलं, थोडा वेळ थांबलो, काटा हलला आणि गाडी सुरू झाली. नवा सेन्सर बसवला. बाईंच्या कालनिर्णयावर त्यानंतर त्या नोंदी नाहीत.

स्कॅनरनं या गाडीत एकही कोड दाखवला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. क्रँक सेन्सरचा पी०३३५ कोड आला तर बरंच, पण कोड नाही म्हणजे दोष नाही असं धरू नका. कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. पहाटे थंड गाडीला स्कॅनर लावा. कूलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. हवा २० आणि कूलंट उणे ४० दाखवत असेल तर कूलंट सेन्सरची वायर तुटली आहे. कॉम्प्युटरला वाटतंय कडाक्याची थंडी आहे, म्हणून तो पेट्रोल ओततोय आणि प्लग भिजतायत.

७. मागच्या सीटखालचा आवाज

इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप मागच्या सीटखाली टाकीत बुडालेला असतो. चावी ऑन केली, सेल्फ मारला नाही, तरी तो दोन-तीन सेकंद घूं करतो आणि थांबतो. रेडिओ बंद, एसीचा पंखा बंद करून एकदा गाडी चांगली असतानाच तो आवाज ऐकून ठेवा. अडल्यावर तो आला नाही तर फ्यूज, रिले, पंपाचा कपलर, पंप या क्रमानं जायचं. रिलेचा सांधा आतून तडकतो आणि कधी लागतो, कधी नाही. फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबराचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. अदलाबदल करून बघायला पैसे लागत नाहीत.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल तर चावी दोन-तीनदा नुसती ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी आवाज थांबेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. लगेच घेतली तर लाईनमधला दाब रात्रीत निघून जातोय: पंपातला पेट्रोल उलटं येऊ न देणारा वॉल्व गळतोय किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतोय.

पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात असा माझा अनुभव आहे. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये.

कार्बोरेटरच्या जमान्यात ही उष्णतेची तक्रार वेगळी असायची. अँबॅसेडर आणि पद्मिनीचा पंप इंजिनालाच चिकटलेला, उन्हाळ्यात कुंभार्ली घाट चढून गाडी थांबली की पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि पुढं पेट्रोल सरकायचं नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे. त्या लोकांना कारण नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांच्याकडून मी ओलं फडकं शिकलो.

८. पाऊस आणि उंदीर

पहिल्या पावसात येणाऱ्या गाड्यांत पाणी प्लगच्या खड्ड्यात साचलेलं असतं, किंवा जुन्या प्लग वायरीला चिरा गेलेल्या असतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारा, करंट फुटत असेल तिथं निळसर ठिणग्या दिसतात. हात लांब ठेवा, तो करंट हजारो व्होल्टचा असतो.

उंदरांचं तर विचारू नका. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे येतात आणि गरम इंजिनावर बसतात. सेन्सरच्या वायरी कुरतडतात, आणि बऱ्याचदा पूर्ण तोडत नाहीत. एक-दोन तारा राहतात, त्या गाडी हलली की टेकतात, सुटतात. बॅटरीखालच्या ट्रेमध्ये, एअर फिल्टरच्या डब्यात लेंड्या दिसल्या तर वायरिंग हातानं चाचपत पूर्ण जा. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या लोक ठेवतात. माझा भरवसा रोज वापरण्यावर आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडण्यावर आहे.

९. उभ्या गाडीत करंट कोण पितंय?

रोज चालवली तर ठीक, चार दिवस गावाला गेलं की घेत नाही: हा करंट गळतीचा प्रकार. बंद गाडीही घड्याळ, कॉम्प्युटर, लॉक यांच्यासाठी थोडा करंट ओढते. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबानं रिकामी व्हायला जवळपास महिना लागेल. तेच अर्धा अँपिअर ओढलं जात असेल तर तीन दिवसांत खलास, आणि सेल्फ त्याच्या खूप आधीच हात टेकतो.

मायनस केबल काढून मीटर मध्ये घाला, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आणि चुकूनही सेल्फ मारू नका. मग थांबा. नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला अर्धा तास घेतात. त्याआधीचा आकडा बघून घाबरून जाणारे बरेच. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याची कडी स्क्रू ड्रायव्हरनं बंद करा. मग एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला ती लाईन. निम्म्या वेळा तो बाहेरून बसवलेला स्टिरिओ, कॅमेरा किंवा ट्रॅकर निघतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, त्यातला डायोड गळत असतो. डिकीतला दिवा जळत राहतो का हे बघायला मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तो आत ठेवायचा आणि डिकी बंद करायची.

१०. सेल्फला दम द्या

पूर्वी हँडल मारून गाड्या सुरू व्हायच्या आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि ते थांबलं. केटरिंग यांनी आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथं त्यांनी ओळखलं होतं की क्षणभरच जोर लावायचा असेल तर छोट्या मोटरवरही भरपूर ओझं टाकता येतं. आजचा सेल्फ त्याच हिशेबावर चालतो. म्हणून तो सलग दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबायचं. लांबलचक सेल्फ मारून लोक पेट्रोलच्या दोषात सेल्फचा दोष घालून आणतात.

प्लग भिजल्याचा वास येत असेल तर इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत एक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. त्या वेळी कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात.

दुसऱ्या गाडीवरून जंप करताना लाल केबल प्लस ते प्लस, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच. या बाबतीत मी पोरांना अजिबात सूट देत नाही.

११. शोधण्याचे पैसे द्या, आणि घ्या

हे गिऱ्हाइकांना आवडणार नाही, पण मला फार मनापासून वाटतं. आपल्याकडे भागाचे पैसे देतात, शोधण्याचे देत नाहीत. दुपारभर गाडीमागे बसून एक बोल्ट घासला तर "नुसता बोल्ट तर घासला" म्हणतात, आणि सेल्फ बदलून कित्येक पटींनी बिल केलं तर मुकाट्यानं देतात. मग मेकॅनिक काय शिकणार? तो भाग बदलायला शिकतो. बदललेला भाग चांगला होता की खराब हे कोणी तपासत नाही, जुना भाग भंगारात जातो.

मी आता गाडी घेतानाच सांगतो: शोधायचे इतके, सापडल्यावर दुरुस्तीचे वेगळे. काही गिऱ्हाइकं निघून जातात. जी थांबतात त्यांना मी मीटरचा आकडा दाखवतो, आधीचा आणि नंतरचा, आणि काढलेला भाग हातात देतो. तुम्हीही मागा. बॅटरी बदला म्हणणाऱ्याला विचारा, "सेल्फ मारताना किती व्होल्ट आले?" सेल्फ बदला म्हणणाऱ्याला विचारा, "त्याच्या स्टडवर किती पोचतायत?" चांगला कारागीर या प्रश्नानं रागावत नाही, त्याच्याकडे आकडा तयार असतो.

१२. त्याच वेळी, त्याच हालतीत पुन्हा बघा

दुरुस्तीनंतर गाडी सुरू झाली यावरून काहीच ठरत नाही. ती आधीही सुरू होतच होती. पहाटे अडणारी गाडी मी रात्रभर दुकानासमोर ठेवतो आणि सकाळी मालकाला बोलावून त्याच्या हातानं पहिली चावी मारायला लावतो. गरम झाल्यावर अडणारी गाडी दुपारी फिरवून, उभी करून बघायची. उभी राहून उतरणारी असेल तर मालकाला चार दिवस ती न वापरता ठेवायला सांगायचं, आणि आधी व नंतर १२ च्या पुढचा दशांश लिहून घ्यायचा. १२.६ ची १२.५ झाली तर हरकत नाही. १२.१ झाली असेल, तर गाडी पहिल्या चावीला घेत असली तरी ती परत आणा, अजून काहीतरी करंट पितंय.